दोरीपलीकडची लिंबं

हाहाजिमा, २ मार्च

बाबा,

हे पत्र ऑफिसचं नाही, पण कामाचंच आहे. ऑफिसचं पाकीट तुम्हाला जानेवारीत मिळालं असणार. उत्तर आलं नाही, म्हणून नागाहामा साहेबांनी मला बोलावलं. ते आमचे प्रमुख. दोन वर्षांपूर्वी बदली होऊन आले, त्यामुळे आपलं प्रकरण त्यांना फाइलमधून जेवढं कळतं तेवढंच माहीत आहे. त्यांनी विचारलं, "आसानुमा, हा बागेचा मालक तुमच्या नात्यातला का?"

मी म्हटलं, "वडील आहेत."

"मग फोन का नाही करत?"

"पत्र लिहीन," मी म्हटलं.

फाइलमध्ये तुमच्याबद्दल तीन ओळी आहेत. शेतकरी आसानुमा तोकुजी यांनी शेजारच्या चिचिजिमा बेटावरून लिंबाची रोपं मुळांच्या मातीसकट, होडीत जाळ्याखाली झाकून आणली. रोपं लावून झाल्यावर ते उघडकीला आलं. रोपं उपटून जाळली, मालक बेट सोडून गेले. ओळी बरोबर आहेत. मी त्यात काही बदललेलं नाही.

आता काम. उत्तरेच्या उतारावर जंगलात गोगलगायींसाठी कुंपण घालायचं ठरलं आहे. गुडघ्याएवढं, पत्र्याचं, वरच्या कडेला विजेची तार. चपट्या किड्याने चिचिजिमातल्या गोगलगायी कशा खाऊन संपवल्या ते तुम्हाला सांगायला नको. आपल्या बेटावर तो आलेला नाही, किंवा आलेला आढळलेला नाही. या दोन वाक्यांत फरक आहे, आणि माझी सगळी नोकरी त्या फरकात आहे. उद्या तो आलाच, तर निदान कुंपणाच्या आत काही उरावं, असा हेतू.

कुंपणाची रेषा आपल्या बागेला लागून जाते. बाग आठ वर्षं दोरी लावून बंद आहे. नकाशावर ती करडी आहे, आणि करडा म्हणजे संशयित. तुमच्या मातीबरोबर किडा आला असेल तर तो तिथेच असणार, असं सगळे धरून चालतात. अशी जमीन कुंपणाशेजारी ठेवता येत नाही. झाडं कापायची, मुळं काढायची, मातीवर उकळतं पाणी सोडायचं, असं ठरलं आहे. जमीन तुमच्या नावावर आहे, म्हणून संमती तुमची लागते. मे महिन्यात काम सुरू झालं नाही तर पाऊस लागेल आणि कुंपण पुढच्या वर्षावर जाईल.

कागदावर पेन्सिलीने खूण केली आहे तिथे सही करून पाठवा. नावाचा शिक्का जवळ नसला तरी चालेल.

मी बरी आहे.

चिगुसा


हाहाजिमा, २४ मार्च

बाबा,

कार्ड मिळालं. "आधी पाहीन, मग सही." बाकी सगळं कोरं. तुमच्या तिकडच्या तातेयामाच्या बंदराचं चित्र चांगलं आहे.

पाहण्यासारखं काही नाही, हे मी तुम्हाला आधीच सांगते. दोरीबाहेरून फक्त रानकेवड्याची भिंत दिसते, तुम्ही वाऱ्यासाठी लावलेली. ती आता दुप्पट उंच झाली आहे. आत कोणी जात नाही. जो जाईल त्याच्या बुटांबरोबर माती बाहेर येईल, म्हणून तसा नियम आहे. मीही गेलेली नाही. लिंबाची झाडं देखभालीशिवाय इतकी वर्षं टिकत नाहीत, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल. एका सहीसाठी एक दिवस-रात्र मोठ्या जहाजात आणि पुढे छोट्या बोटीत काढायची काही गरज नाही.

तरी मी साहेबांना विचारलं. ते म्हणाले, "ज्यावर सही करायची ते आधी पाहण्याचा मालकाला हक्क आहे. नियमात बसतं." नियमात बसणारी गोष्ट सापडली की ते खूश होतात. तुम्ही आणि मी, दोघांनाच आत जायची परवानगी मिळेल. कागदी अंगरखे, रबरी बूट. बूट आतच सोडून बाहेर यायचं.

गावात बातमी माझ्याआधी पोचली. कार्ड टपालाचं, आणि टपाल जेट्टीवरून येतं. सातोए काकू आता जेट्टीवर उतरणाऱ्यांचे बूट धुऊन घेतात. तुम्ही गेलात त्याच वर्षी त्यांनी ते काम मागून घेतलं. मला हाक मारून विचारलं, "तोकू येतोय म्हणे?"

"ठरलं नाही अजून."

"येऊ दे की. त्याचे बूट मी स्वतः घासते. तळ इतका पातळ करीन की परत चालत जाता यायचं नाही."

ही धमकी होती की आमंत्रण, ते मला कळलं नाही. तुम्ही त्यांच्याबरोबर शाळेत होता. तुम्हाला कळेल.

दर जूनमध्ये तुम्ही पाठवता ती लोकाटं मिळतात. एकेक फळ पुसून वेगळ्या कागदात गुंडाळलेलं असतं. काकू म्हणतात, "तुझा बाप फळं पाठवतो की न्हाऊमाखू घातलेली पोरं?" मी ती ऑफिसात वाटते. बिया उकळून मग टाकते. आभार मानायचे राहून गेले होते.

यायचंच असेल तर एप्रिलच्या शेवटी या. मेमध्ये मजूर येतात.

चिगुसा


हाहाजिमा, ११ एप्रिल

बाबा,

तुमच्या तीन प्रश्नांची उत्तरं.

छाटणीची कात्री आणता येईल. पण पात्यांच्या सांध्यात चीक आणि त्याखाली माती बसते. ती सुटी करून उकळून आणा. इथे मी पुन्हा उकळीन. तुमच्यावर विश्वास नाही म्हणून असं करते असं समजू नका. मी माझ्या वस्तूही उकळते. पण जी झाडं कापायचीच आहेत त्यांना छाटणीची कात्री कशाला, हे मला समजलेलं नाही.

आणायचं काहीच नाही. रोप, बी, कंद, मूळ असलेली भाजी, काही नको. पँटच्या दुमडलेल्या कडा उलगडून झटका. खिसे उलटे करा. मोज्यांना कुसळं चिकटतात, नवे मोजे घ्या. चिचिजिमात बोट बदलताना गावात फिरू नका, एका जेट्टीवरून सरळ दुसऱ्या जेट्टीवर या. तिथल्या मातीत काय आहे ते तुम्हाला ठाऊक आहे.

राहायला सातोए काकूंच्या पाहुणेघरात जागा आहे. घरातही आहे. तुमच्या खोलीत माझ्या जाळ्या आणि बाटल्या असतात, त्या हलवता येतील. तुम्हाला सोयीचं असेल तसं कळवा. कळवायला वेळ नसेल तर मी खोली रिकामी करून ठेवीन.

चिगुसा


हाहाजिमा, १८ मे

बाबा,

तुम्ही गेल्यावर लगेच लिहिणार नव्हते. पण आता जे कळलं आहे ते तुम्हाला माझ्याकडून कळावं असं वाटतं. ऑफिसच्या अहवालातही ते असेल, पण तिथल्या भाषेत ते तुम्हाला ओळखू येणार नाही.

आपण दोघांनी पाहिलं तेही लिहिते. दोघांना एकच दिसलं की नाही, याची मला खात्री नाही.

तुम्ही बोटीवरून साध्या सपाता घालून आलात आणि हातातल्या प्लास्टिकच्या पिशवीतून पांढरे बूट काढलेत. ओल्या चटईच्या कडेला बसून ते पायात चढवलेत. मागे लोक थांबले होते. सातोए काकूंनी कंबरेवर हात ठेवले.

"हे काय, नवरदेव?"

"दुकानातून आणले तसे पेटीतच होते. जमिनीला लागलेले नाहीत."

"मग मी धुवू काय, माझं कपाळ?"

"धू," तुम्ही म्हणालात. "इतरांचे धुतेस तसेच धू."

मग त्यांनी ते धुतले. इतरांपेक्षा जास्त वेळ धुतले, हे मी पाहिलं. कोरे बूट, त्यांवर समुद्राचं पाणी आणि ब्रश. संपल्यावर त्या म्हणाल्या, "बारीक झालास."

"वय झालं."

"वय मलाही झालंय. मी झाले का बारीक?"

घरी पोचेपर्यंत नव्या बुटांनी तुमच्या टाचा सोलल्या होत्या. मी मलम दिलं, तुम्ही "नको" म्हणालात आणि मग लावलंत. दाराशी एक डबा होता. मोहरी लावलेली सुशी. कोणी ठेवली ते तुम्ही विचारलं नाहीत, मीही सांगितलं नाही. तुम्ही झाकण उघडलंत आणि बराच वेळ नुसते पाहत बसलात. ते प्रकरण झाल्यापासून तुम्ही जाईपर्यंत त्या दाराशी कोणी काही ठेवलं नव्हतं, हे मला काकूंनीच एकदा सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी बाग. दोरी तुम्ही वर धरलीत आणि मी आधी वाकून गेले. लहानपणी तारेच्या कुंपणाशी हेच व्हायचं, ते मला नंतर आठवलं. निम्मी झाडं मेलेली होती. उरलेली इतकी वाढली होती की कोणतं कुठे संपतं ते कळत नव्हतं. जाळलेल्या रोपांच्या जागी नेचे उगवले होते. तुम्ही सरळ आईच्या रांगेत गेलात. आईने ती रांग फार दाट लावली, म्हणून तुम्ही तिच्याशी भांडायचात, आणि ती म्हणायची की लिंबांनाही शेजार लागतो. तिच्या रांगेतली चार झाडं उभी होती.

मी विचारलं, "ती रोपं का आणलीत?" इतक्या वर्षांत मी हे विचारलं नव्हतं.

"ही गेल्यावर हिच्या रांगेतली झाडंही एकेक करून जात होती. ही जात चिचिजिमातल्या एकाच माणसाकडे मिळायची."

"मुळं धुऊन आणायची होती."

"धुतली की जगत नाहीत, असं वाटलं."

"जगतात."

"आता माहीत आहे," तुम्ही म्हणालात. "आता दिवसभर तेच करतो. काचघरात रोपांची मुळं धुतो. मालक म्हणतो, म्हाताऱ्या, इतकी कशाला धुतोस, फुलंच आहेत ती."

मग तुम्ही कात्री काढून आईच्या झाडांची सुकी काटकी छाटायला लागलात. मी म्हटलं, "ही कापायची आहेत. छाटून काय उपयोग?"

"माणसालाही शेवटची आंघोळ घालतातच ना."

छाटलेल्या काटक्या ठेवायला तुम्ही खाली वाकलात, रानकेवड्याचं एक सुकलेलं पान उचललंत, आणि तसेच राहिलात.

"चिगुसा. हे बघ."

पानाखाली गोगलगाय होती. तपकिरी, पट्ट्याची, पूर्ण वाढलेली.

मी म्हटलं, "एका गोगलगायीने काही सिद्ध होत नाही."

"सिद्ध होतं असं मी कुठे म्हटलं? बघ म्हटलं."

तुम्ही पान होतं तसं परत ठेवलंत. संध्याकाळी जेवायच्या टेबलावर सही केलीत. कागद वाचला नाहीत. "तुझं काम अडायला नको," एवढंच म्हणालात. मी शाई वाळेपर्यंत थांबले आणि कागद खणात ठेवला.

इथपर्यंत तुम्हाला माहीत आहे. पुढचं माहीत नाही.

तुमची बोट गेल्यावर मी साहेबांकडे गेले आणि झाडं कापणं थांबवा म्हटलं.

"सही आली नाही का?"

"आली. माझ्या खणात आहे."

"मग अडचण काय?"

"त्या तुकड्याची पाहणी कधीच झालेली नाही."

"होणार कशी? संशयित आहे तो."

"संशयित आहे म्हणून पाहणी नाही, आणि पाहणी नाही म्हणून तो संशयित."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. नकाशा भिंतीवर होता, करडा डाग दोघांनाही दिसत होता. त्या डागाच्या चारी बाजूंना मी इतकी वर्षं किडा पकडायच्या आमिषाच्या पिशव्या लावत आले आहे. ते म्हणाले, "हे इतक्या वर्षांत कुणाला सुचलं नाही?"

"नाही. मलाही नाही."

"मजूर आले की त्यांना मी किती दिवस बसवून ठेवू?"

"माझं संपेपर्यंत. मी लवकर संपवते."

"आणि किडा सापडला तर?"

"तर झाडं मी स्वतः कापीन."

त्यांनी परवानगी दिली. मी ते वाक्य उगाच म्हटलं नव्हतं. तसं झालं असतं तर कापली असती, हे तुम्हाला माहीत असावं. आत जाताना मी दोन्ही शक्यता धरून गेले होते, आणि त्यातली एक मला हवी होती. कामावर असताना मला सहसा असं काही हवं नसतं.

आमिषाच्या पिशव्या सगळ्या बागेत लावल्या. जळलेल्या रोपांच्या जागी दाट लावल्या. पाऊस पडून गेल्यावर पुन्हा लावल्या, कारण किडा ओलीत बाहेर येतो. एकाही पिशवीत तो नव्हता. पानं उचलून पाहिली. गोगलगायी फक्त त्या एका पानाखाली नव्हत्या. रानकेवड्याच्या पानांच्या थराखाली सगळीकडे होत्या, मोठ्या, मधल्या, आणि तांदळाच्या कणीएवढी पिल्लं. किडा असतो तिथे पिल्लं आधी जातात. कुंपणासाठी आम्ही निवडलेल्या जंगलात मला जेवढी पिल्लं मिळतात, त्याहून आपल्या बागेत जास्त आहेत. कारण साधं आहे. तिथे सावली होती, पानांचा थर होता, आणि कोणी माणूस पाय ठेवत नव्हता.

तर किडा तुमच्या मातीबरोबर आला नव्हता. नेमकं लिहायचं तर, तो सापडला नाही, आणि आला असता तर ही पिल्लं दिसली नसती.

यावरून तुम्ही केलंत ते बरोबर ठरत नाही. माती आणली ती आणलीच, जाळ्याखाली झाकून आणली. तिच्यात किडा नव्हता ते नशीब, त्यात तुमचं काही श्रेय नाही. पण जे नुकसान झालं असं सगळं गाव धरून चाललं होतं, आणि गावाबरोबर मी, ते झालेलं नाही. या दोन वेगळ्या नोंदी आहेत, मी त्या एकीत मिसळणार नाही. पहिली तुम्ही बरीच वर्षं एकट्याने सांभाळलीत. दुसरी आजपर्यंत कुणी केलीच नव्हती, ती मी केली आणि खाली माझं नाव घातलं.

काकूंना जेट्टीवर सांगितलं. त्यांनी ब्रश बादलीत टाकला आणि त्या म्हणाल्या, "म्हणजे मी कोरे बूट उगाच घासले."

"उगाच नाही. नियमच आहे."

"नियम तुझ्याजवळ ठेव. त्याला कळव."

म्हणून कळवते आहे. कुंपणाची रेषा आता बागेच्या पलीकडून जाईल. झाडं कापायची नाहीत. तुमची सही असलेला कागद या पत्राबरोबर परत पाठवते. त्याचा आता उपयोग नाही. त्याचं काय करायचं ते तुम्ही ठरवा.

एक गोष्ट तुम्हाला आवडणार नाही. बाग कुंपणाच्या आत गेली म्हणजे ती शेती राहणार नाही. जमीन तुमचीच राहील, पण लिंबं तोडून बाहेर आणता येणार नाहीत आणि परवानगीशिवाय तुम्हालाही आत जाता येणार नाही. ज्या माणसावर आळ होता त्याला मोकळं करून त्याच्याच दाराला कुलूप घालायचं, हे विचित्र आहे. मला ते दिसतं. दुसरा मार्ग मला सापडला नाही.

पण झाडं अशीच सोडली तर मरतील. ती मेली की सावली जाईल आणि पानं वाळतील. वर्षातून एकदा कोणीतरी जमीन न तुडवता, हलक्या हाताने छाटणी करायला हवी. साहेबांनी मला विचारलं, लिंबाची छाटणी बेटावर कुणाला येते. मी म्हटलं, सध्या बेटावर कुणालाच नाही. 'सध्या' हा शब्द त्यांनी लिहून घेतला. परवानगीचा अर्ज तुम्हाला ऑफिसकडून येईल. भरायचा की नाही, ते पाहून ठरवा.

तुमची कात्री उकळायच्या तसराळ्यात राहिली आहे. मी टपालाने पाठवणार होते. काकू म्हणाल्या, "तोकू विसरणाऱ्यांतला नाही," म्हणून थांबले. सांध्याला तेल दिलं आहे.

लोकाटं मी कुणाला देत नाही, सगळी एकटीच खाते, असं काकूंनी तुम्हाला माझ्यासमोर सांगितलं ते अर्धंच खरं आहे. पहिल्या वर्षी मी ती खरंच ऑफिसात वाटली होती.

आणखी एक. तुम्ही निघालात तेव्हा सगळी जेट्टी "जाऊन या" म्हणत होती. काकू तर बोट वळेपर्यंत ओरडत होत्या, "तोकू, जाऊन ये." मागच्या वेळी तुम्हाला ते कुणी म्हटलं नव्हतं. मी तेव्हा कॉलेजात होते, मला हे ऐकूनच माहीत आहे. या वेळी तुम्ही कठड्याशी उभे राहिलात, वाकून नमस्कार केलात, पण "येतो" म्हणाला नाहीत. मी काकूंची बुटं धुवायची बादली धरून उभी होते. संध्याकाळी काकू मला म्हणाल्या, "आख्खं गाव ओरडलं, आणि पोटची पोर बादली सांभाळत होती."

मी म्हटलं, इंजिनाच्या आवाजात ऐकू गेलं नसतं. ते खरं नाही. बोट धक्क्याला लागलेली होती, तुम्ही माझ्यापासून दोन हातांवर होता.

हे पत्र उद्याच्या बोटीने निघेल. त्या दिवशी म्हणायचं राहिलं ते यात घालते.

जाऊन या, बाबा.

चिगुसा